उकिरड्यावरची ज्वारी

नव्या पाळकांनी सूप उलटं धरलं. तोंड स्वतःच्या छातीकडे, पाठ लोकांकडे. तसं धरून पाखडलं तर दाणे आपल्याच पायावर सांडतात आणि फोल आपल्याच नाकात जातं, हे आमच्याकडे सहा वर्षांच्या पोरीला कळतं. सुगीच्या उपासनेसाठी कुणीतरी बाजारातून नवंकोरं सूप आणलं होतं, त्याच्या काठाला दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती, आत दोन ओंजळी गहू होता. पाळक ते हलवत म्हणाले, न्याय करणारा येईल तेव्हा त्याच्या हातात सूप असेल, तो खळं साफ करील, दाणा कोठारात नेईल आणि भुसाला अशी आग लावील की ती विझायची नाही. दाणे टपाटप फरशीवर पडत होते. मागे बायका पदर सावरून माना डोलावत होत्या. त्यातल्या निम्म्या बायकांनी जन्मभर सूप हातात धरलेलं आहे, पण एकीलाही हसू आलं नाही. चर्चमध्ये आल्यावर माणसं आपल्याला येत असलेलं दाराबाहेर चपलांजवळ ठेवून येतात.

मी पहिल्या बाकावर होतो, कारण मी मंडळीचा पंच आहे, वय त्र्याहत्तर आहे, आणि महिन्यातले तीन रविवार शास्त्राचं वाचन मी करतो. आजचंही मीच केलं होतं. गव्हाचा आणि निदणाचा दाखला. चांगल्या बियांत वैरी रात्रीतून तण पेरून जातो, चाकर विचारतात उपटू का, आणि मालक म्हणतो राहू द्या, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. वाचून मी खाली बसलो तेव्हा बबलूने माझ्याकडे पाहून मान हलवली. बबलूचं बाप्तिस्म्याचं नाव बेंजामिन आहे, पण त्याला त्या नावाने त्याची बायकोही हाक मारत नाही. विम्याचं काम करतो, पंचांत सगळ्यात लहान आहे आणि सगळ्यात जास्त नियम त्याला पाठ आहेत. त्याच्या मान हलवण्याचा अर्थ मला माहीत होता. उपासनेनंतर पंचांची बैठक होती आणि त्या बैठकीत माझं काम होतं.

झुंबरबाई काल संध्याकाळी गेली. तिचा मुलगा मच्छिंद्र सकाळी आठलाच चर्चच्या पायरीवर येऊन बसला होता. आईला बापाच्या शेजारी, मंडळीच्या कब्रस्तानात ठेवू द्या, एवढंच त्याचं मागणं. मार्चचं ऊन आहे, देह घरात पत्र्याखाली आहे, संध्याकाळच्या पुढे ठेवता येणार नाही. पण नऊ वर्षांपूर्वी झुंबरबाईचं नाव मंडळीच्या वहीतून कमी केलेलं आहे आणि वहीत नाव नसलेल्याला कब्रस्तानात जागा नाही. नाव कमी केलं ते एका लेखी जबाबावरून. तो जबाब माझा. उपासनेआधी पाळकांनी मला बाजूला घेऊन हात चोळत सांगितलं, “बाबा, मी इथे नवीन आहे. मला त्या बाईंचं काहीच माहीत नाही. जबाब तुमचा आहे. तुम्ही त्यावर कायम राहिलात तर माझे हात बांधलेले आहेत.” दुसऱ्यांनी हात बांधून दिले की अशा लोकांना किती बरं वाटतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

उपदेश चालूच होता. आता विळा आला. स्वर्गातून दूत येतील, विळे चालवतील, पृथ्वीचं पीक पिकलेलं आहे. विळा तोंडात आला की पाळकांचा आवाज चढायचा. कापणी करणाऱ्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्याची कंबर दुखत असते. आणि भूस जाळणारा शेतकरी मी तरी या जिल्ह्यात पाहिलेला नाही. भूस बैल खातात. कडबा म्हशी खातात. त्याच्याही खाली जे उरतं, रास उचलून नेल्यावर खळ्यात माती, खडे, उंदराच्या लेंड्या आणि फुटके दाणे असं जे पडून राहतं, त्याला मातेरं म्हणतात, आणि ते आम्ही खात होतो. माझ्या बापाला जमीन नव्हती. कुंभार पिंपळगावच्या बाजूला दुसऱ्यांच्या खळ्यांवर आई पाखडायला जायची. दाणा मालकाच्या घरी, भूस मालकाच्या गोठ्यात, आणि दिवस मावळताना मालक हाताने दाखवायचा, ते घेऊन जा. आई मातेरं पदरात बांधून आणायची, पाण्यात खळबळायची, खडे आणि दाणे खाली बसायचे, वर तरंगणारं काढून त्यातले दाणे आई आणि मी चिमटीने वेचायचो. त्या भाकरीत दाताखाली माती करकरायची. माझ्या पाठीचा कणा त्या मातेऱ्याचा झालेला आहे. आता हा गुळगुळीत हातांचा माणूस मला सांगतो की खळं झाडून झाल्यावर उरेल त्याला आग. ज्याने कुणी पहिल्यांदा हे सांगितलं त्याला निदान सूप धरता येत असेल, असं मी स्वतःला समजावलं.

समजावणं हे मला झुंबरबाईनेच शिकवलं, अक्षरांबरोबर. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. जालन्याला बियाण्याच्या एका कंपनीत लागलो होतो, प्लॉटवर भेसळ काढायचं काम. शेतकरी कंपनीसाठी संकरित ज्वारीचं बी पिकवतो, नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या, आणि मादीच्या ओळीत एखादं झाड उंच दिसलं, पान वेगळं दिसलं, की ते भेसळ. फुलोऱ्याच्या आत मुळासकट उपटायचं, नाहीतर त्याचा पराग उडतो आणि सगळा प्लॉट वाया. माझी नजर तयार होती. बांधावर उभं राहून मी सांगायचो, तिसऱ्या ओळीत एक, सातव्या ओळीत दोन. साहेब म्हणाले, पुंजाराम, तुला मुकादम केला असता पण तुला रिपोर्ट लिहिता येत नाही. म्हणून मी झुंबरबाईकडे गेलो. ती मंडळीतल्या बायकांना चर्चच्या मागच्या खोलीत अक्षरं शिकवायची. एवढा मोठा पुरुष बायकांत बसलेला पाहून सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. ती हसली नाही. पाटीवर क काढून म्हणाली, “बस. गुडघे दुखत असतील तर भिताडाला टेक.” माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, नवरा रेल्वेत, हाताला कायम खडूची पांढरी भुकटी. आठ महिने लागले. पहिल्यांदा मी सबंध वाचला तो हाच दाखला, निदणाचा, बोट ठेवून, घाम पुसत. शेवटी मी बोट उचललं आणि म्हणालो, हा मालक येडा आहे. आमच्या साहेबाने असल्या मालकाचा प्लॉट पहिल्या दिवशी रद्द केला असता. फुलोऱ्याआधी उपटायला नको का? तेव्हा मात्र ती हसली. म्हणाली, “तो मालक तुझ्या कंपनीत न्हाई, पुंजाराम. तुला उपटायची लई जल्दी हाय.”

मला ते झोंबलं होतं. तेवढ्याने माणसाला झोंबू नये, पण ज्याला नुकतं वाचता येऊ लागतं तो फार लवकर मोठा होतो. पुढच्या वर्षी मी मुकादम झालो. दोन वर्षांनी चर्चमध्ये वाचन करू लागलो. मी वाचत असताना झुंबरबाई दुसऱ्या बाकावरून ओठ हलवत असायची, माझ्या पुढचा शब्द आधीच तिच्या ओठांवर असायचा, आणि मी कुठे अडलो तर ती हळूच तो उच्चारायची. इतक्या हळू की फक्त मला ऐकू यावं. मला वाटायचं, सगळ्यांना ऐकू जातं.

मुकादम झालो त्याच वर्षी केशवराव पाटलांच्या प्लॉटवर मी चुकलो. सकाळी बांधावरून पाहिलं तर मादीच्या ओळींत मधोमध एक मोठा गोल पट्टा, आजूबाजूपेक्षा हातभर उंच, काळाभोर हिरवा. एवढी भेसळ मी कधी पाहिली नव्हती. मी बायका घातल्या आणि सगळा पट्टा उपटून काढला, तीनशेच्या वर धाटं, मुळांना माती तशीच. धाटं बांधावर पडली तेव्हा केशवराव मोटारसायकलवरून आले. उतरले, एक धाट उचललं, त्याची मुळं हुंगली. ओरडले नाहीत. “पुंजाराम,” ते म्हणाले, “तिथं माझा उकिरडा व्हता. दोन सालं झाली हलवून. खताची जागा हाय ती, मंग ज्वारी उंच न्हाई व्हायची तर काय?” बी तेच होतं. झाड तेच होतं. खाली काय आहे ते मी पाहिलं नव्हतं, मी फक्त उंची पाहिली होती. संध्याकाळी रिपोर्टात लिहिलं, भेसळ काढली, प्लॉट स्वच्छ. झुंबरबाईने शिकवलेल्या वळणदार अक्षरांत. मी लिहिलेलं पहिलं खोटं ते, आणि शिकवणारीच्या लक्षात आलं असतं तर तिने नुसता काना नीट केला असता, असं मला तेव्हा वाटलं आणि हसू आलं.

दुसरं कागदावर जे लिहिलं ते खोटं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वीचा गुरुवार, मी सायकलची चेन बदलायला गेलो होतो, आणि दर्ग्याच्या दारातून झुंबरबाई बाहेर येताना दिसली. डोक्यावर पदर, मनगटात हिरवा दोरा, मुठीत अंगाऱ्यासारखं काहीतरी. तिने मला पाहिलं. थांबली. मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी सायकल वळवली. मच्छिंद्र तेव्हा एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात होता, तापलेली सळई सुटून त्याच्या मांडीला आणि पोटाला भाजलं होतं, दवाखान्यात तिसरा दिवस होता आणि त्याला शुद्ध नव्हती, हे मला माहीत होतं. सगळ्या मंडळीला माहीत होतं, आम्ही त्याच्यासाठी प्रार्थनाही केली होती, चांगली लांबलचक. तरी मी त्या रात्री बसून दीड पान लिहिलं. मी समक्ष पाहिले की. मूर्तिपूजा व परधर्मी आचार. मंडळीच्या शुद्धतेसाठी कळवीत आहे. एक शब्द अडला तेव्हा क्षणभर मनात आलं, तिला विचारावा. असा मी.

तिला पंचांनी बोलावलं. तिने नाकारलं नाही. “गेल्ते,” म्हणाली. “दोन्हीकडं मागितलं. कुणी दिलं ते मला म्हाईत न्हाई, पोरगं उठलं.” पश्चात्ताप कर म्हणाले, तर म्हणाली पोरगं उठल्याचा कसा करू. नाव गेलं, प्रभुभोजन बंद. आमच्याकडे असं झालं की माणसं दुसऱ्या चर्चला जातात, पाण्यात बुडवून नवा बाप्तिस्मा देणारी दुकानं जालन्यात कमी नाहीत. ती गेली नाही. दर रविवारी शेवटच्या बाकावर, दाराशी, चपलांजवळ बसायची. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचं तबक घेऊन बाकाबाकांतून फिरायचं काम पंचाचं, म्हणजे माझं. नऊ वर्षं मी ते तबक तिच्यासमोरून नेलं. ती तोंडाकडे पाहायची नाही, माझ्या हातांकडे पाहायची, तबक नीट सरळ धरलंय की नाही ते पाटीवरचं अक्षर पाहावं तसं. शंभर वेळा तरी. मोजायला मी बसलो नाही.

उपासना संपली. लोकांनी वेदीजवळ आणून ठेवलेल्या भोपळ्यांचा, उसाच्या कांड्यांचा, हरभऱ्याच्या डहाळ्यांचा लिलाव झाला, हसणंखिदळणं झालं, एकेक पपई मोठ्या भावाने गेली, आणि पाळकांनी लिलावातही देवाचं नाव दोन वेळा घातलं. मग माणसं गेली आणि आम्ही पंच टेबलाभोवती बसलो. मच्छिंद्र दारात उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. पंचेचाळिशीचा असेल, एक पाय जरा ओढतो. नंदाबाई, चर्चची झाडलोट करते ती, सांडलेले गहू केरसुणीने एका जागी आणत होती. बबलूने वही उघडली, आतून दुमडलेला कागद काढला. कागद पिवळा पडला होता.

पाळक म्हणाले, “बाबा, हा तुमचा जबाब. रीतीप्रमाणे तुम्ही तो पंचांसमोर वाचा, आणि आजही त्यावर कायम आहात का ते सांगा. जबाब देणारा हयात आहे, तेव्हा त्याच्या शब्दावरच निर्णय. कायम असाल तर...” आणि ते दाराकडे न पाहता म्हणाले, “तर आपल्याला दुःखाने नाही म्हणावं लागेल. निदणाचा दाखला आपण आजच ऐकला.”

ऐकला, पण त्यातला मालक काय म्हणाला ते याच्या कानात शिरलं नव्हतं. मी वाचलं होतं, आणि माझ्यातही तीस वर्षं शिरलं नव्हतं, म्हणून त्याला नावं ठेवायचा मला काही हक्क नव्हता. तरी मी ठेवली, मनात. मी कागद घेतला. ते अक्षर पाहिलं. खरंच चांगलं होतं, काने सरळ, वेलांट्या भरीव. मी समक्ष पाहिले की. जे लिहिलं होतं ते सगळं खरं होतं, आणि खरं आहे म्हणून सांगायचं झालं तर ती कब्रस्तानाबाहेर. चुकलो म्हणावं तर बबलू विचारणार, काय चुकलं, ती गेली नव्हती का? आणि मग गेली होती, का गेली होती, किती वेळा गेली होती, असं तिचं मढं घरात ठेवून हे पाच जण तिला पुन्हा पाखडणार. सूप उलटं धरून.

“मला वाचता येत नाही,” मी म्हणालो.

पाळक हसले. “चष्मा विसरलात का?”

“चष्मा आहे. अक्षर येत नाही.”

“बाबा, मजाक करून राह्यले का?” बबलू म्हणाला. “आत्ता दोन घंट्यांमागं तुम्हीच वाचन केलं की. सगळ्या मंडळीनं ऐकलं.”

“पाठ आहे मला. ऐकून ऐकून.”

“तीस वर्षांपासून?”

“तीस वर्षांपासून.”

“मंग हे लिहिलं कुणी? सही हाय तुमची.”

“सही करणाऱ्याला विचार. मी अंगठ्याचा माणूस.”

पाळक एकदा माझ्याकडे, एकदा कागदाकडे पाहत होते, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की ज्याचा तिरस्कार मला लगेच करता आला नाही. तेवढ्यात केरसुणी थांबली. “खरं हाय साहेब,” नंदाबाई म्हणाली. ती त्या मागच्या खोलीत माझ्याबरोबर शिकायला होती, तोंडाला पदर लावून हसणाऱ्यांतली. “ह्यांना कुठलं यायला. झुंबरबाईनं आठ महिने डोकं फोडलं ह्यांच्यापुढं. क सुदिक बराबर न्हाई आला.” आणि तिने गोळा केलेले गहू, माती आणि केसांच्या गुंतवळ्यासकट, पदरात घेतले आणि गाठ मारली. बाहेर टाकायचे होते ते.

“म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय,” बबलू पुटपुटला. “साहेब, हे बरुबर न्हाई. हे खोटं हाय बिलकुल.”

पाळकांनी वही ओढली आणि लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, जबाब देणाऱ्याने आपला जबाब ओळखला नाही, सबब तो रद्द समजावा व नाव पूर्ववत करावं. शाईचं पॅड माझ्याकडे सरकवलं. माझ्याकडे ते पाहत नव्हते. “अंगठा करा,” म्हणाले. “आणि बाबा, ज्याला वाचता येत नाही त्याला मी पुढे वाचनाला उभं करू शकणार नाही. तुमच्या लक्षात येतंय ना?”

“येतंय.”

“पुढच्या रविवारी कोण वाचेल?”

बबलूने हात वर केला. तो वाचतो म्हणजे खड्ड्यांतून टेम्पो जातो. मी अंगठा शाईत दाबला आणि वहीवर ठेवला. तीस वर्षांत केला नव्हता, जोर जास्त पडला, फराटा झाला.

साडेचारला तिला नेलं. पंधरावीस माणसं होतो. नवऱ्याच्या थडग्याशेजारी खड्डा खणलेला होता, माती काळी, ओली, खालून चांगली. पाळकांनी प्रार्थना केली, पेरलं जातं ते नाशवंत, उठवलं जातं ते अविनाशी. पेरण्याबद्दल ते बोलले तेव्हा मी काही मनात आणलं नाही, उन्हाने डोकं दुखत होतं. माती लोटून झाल्यावर मच्छिंद्रने लाकडाचा क्रूस आणला, घाईने रंगवून घेतलेला, आडव्या फळीवर पांढऱ्या रंगात आईचं नाव, रंग अजून चिकट. तो पाय ओढत माझ्यासमोर आला आणि सगळ्यांसमोर फळी माझ्या डोळ्यांपुढे धरली. बैठकीत दारातून त्याने माझं बोलणं ऐकलं होतं की नव्हतं, मला अजून कळलेलं नाही.

“बाबा, तिनं तुमाला शिकवलं. नाव बराबर हाय का बघा.”

शेजारी बबलू उभा होता. मी फळीकडे पाहिलं. अक्षर न येणारा माणूस पाटीकडे पाहतो तसं, मान जरा कलती करून, रंग पाहिल्यासारखं, चित्र पाहिल्यासारखं. ती नजर शोधावी लागली नाही. एक्केचाळीस वर्षं माझी तीच होती.

“चांगलं दिसतंय,” मी म्हणालो.